ग्रामीण आरोग्यकेंद्रे आणि ग्रामजीवन : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
ग्रामीण आरोग्यसेवेचे मूल्यमापन सामान्यतः बाह्यरुग्ण, प्रसूती व लसीकरण यांच्या आकड्यांवरून केले जाते. तथापि आरोग्यकेंद्राचा परिणाम रुग्णापुरता मर्यादित राहत नाही. कुटुंबाची मिळकत, कर्ज आणि स्त्रियांचे गावातील स्थान यांवरही तो होतो. पुणे जिल्ह्यातील दोन शेजारी तालुक्यांच्या आधारे हे परिणाम येथे स्पष्ट केले आहेत.

सेवेची रचना :
भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानंतर १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली. सपाटीच्या प्रदेशात ५,००० लोकसंख्येस उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येस प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० लोकसंख्येस ३० खाटांचे सामुदायिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. या शेवटच्या स्तरास महाराष्ट्रात 'ग्रामीण रुग्णालय' म्हणतात. तेथे शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, स्त्रीरोग व बालरोग यांचे तज्ज्ञ अपेक्षित असतात.

आर्थिक व सामाजिक परिणाम :
शेतमजुराच्या आजारपणात औषधांच्या खर्चाबरोबरच रोजगारही बुडतो. रुग्णासोबत जाणाऱ्याचीही मजुरी जाते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. परंतु प्रवास व बुडालेला दिवस यांची किंमत कायम आहे. म्हणून केंद्र जवळ असणे हीच मोठी बचत होय. मात्र तज्ज्ञ उपलब्ध नसल्यास रुग्णास खाजगी रुग्णालय गाठावे लागते आणि ही बचत एका प्रसंगात संपते. जनावर विकणे वा उसनवारी करणे अटळ होते.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातील 'आशा' ही गावातीलच स्त्री असल्याने घराघरांतील स्त्रियांशी तिचा थेट संवाद होतो. तिच्या कामामुळे एका ग्रामीण स्त्रीस सार्वजनिक भूमिकाही लाभते.

प्रादेशिक भेद :
नीरा डाव्या कालव्याखालील बागायती गावे व सुपे-मोरगाव परिसरातील जिरायती गावे यांची स्थिती सारखी नाही. बागायतदारास खाजगी उपचाराचा पर्याय असतो. कोरडवाहू कुटुंबास शासकीय केंद्र हाच मुख्य आधार राहतो. २०१९ मध्ये बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने तज्ज्ञसेवा वाढली. इंदापूर शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे. तथापि भीमेकाठच्या दूरच्या गावांना बारामती गाठणे सहजसाध्य नाही.

तिसरा गट ऊसतोड कामगारांचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर व बिजवडी येथील साखर कारखान्यांच्या परिसरात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ही कुटुंबे गळीत हंगामात येतात. गरोदर स्त्रीची नोंद मूळ गावी असते आणि मुक्काम फडाजवळच्या कोपीत. फड बदलला की कोपीही हलते. स्थानिक केंद्राने तिची नोंद स्वतःहून घेतली नाही, तर तिच्या तपासण्या व बालकाच्या लसी चुकतात. तपासणीसाठी खाडा करावा, तर मजुरी जाते.

निष्कर्ष :
इमारती व खाटा यांची संख्या वाढल्याने सेवा पोहोचतेच असे नाही. तज्ज्ञांची नियमित उपस्थिती, सायंकाळची तपासणी वेळ आणि हंगामी स्थलांतरितांची स्वतंत्र नोंद या तीन बाबी निर्णायक ठरतात. वाचलेली मजुरी आणि टळलेले कर्ज यांचाही विचार मूल्यमापनात झाल्यास आरोग्यकेंद्राचे ग्रामजीवनातील खरे स्थान स्पष्ट होईल.