हवेत थांबलेली अक्षता

तेल्हाऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. मंगलाष्टकं आटोपली, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या आणि नव्यानेच फोटोच्या ऑर्डरी घेऊ लागलेल्या ओळखीतल्या एका पोराने नेमक्या क्षणी बटण दाबलं. जेवणं सुरू झाली तसा तो कॅमेरा घेऊन शेजारी येऊन बसला. "काका, पाहा बरं. अक्षता अशा रेघा-रेघा कायले आल्या? फ्लॅश सस्तातला हाय म्हणून का?"

फोटो मोठा करून पाहिला. नवरा-नवरी छान आली होती, पण तांदळाच्या दाण्यांचे पांढरे ओरखडे झाले होते. प्रत्येक ओरखडा वरच्या टोकाला ठळक आणि खाली उतरताना पुसट होत गेलेला. दाणे तर खाली पडत होते. म्हणजे शेपूट दाण्याच्या मागे असायचं ते पुढे निघालं होतं! फ्लॅश बिघडला नव्हता. तो कसा पेटतो आणि कसा विझतो, हे त्या उलट्या शेपटाने लिहून ठेवलं होतं.

फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल असतात. त्यांची जेमतेम पाच-सहा व्होल्टची वीज आतलं सर्किट तीनशे व्होल्टच्या वर चढवतं आणि कपॅसिटरमध्ये साठवतं. फ्लॅश सुरू केल्यावर बारीक 'चीं' ऐकू येते, ती या चढणीची. बटण दाबलं की काही हजार व्होल्टचा एक झटका काचेच्या नळीतल्या झेनॉन वायूला मिळतो, वायू वीजवाहक होतो आणि साठवलेली वीज नळीतून धावते. उजेड क्षणात शिगेला पोचतो आणि मग कपॅसिटर रिकामा होईल तसा ओसरतो. दाणा वर होता तेव्हा उजेड भरात होता. तो खाली सरकला तोवर उजेड उतरला. म्हणून शेपूट पुढे.

आता खरी गंमत. फ्लॅशची ताकद १/१६ वर आणली की उजेड मंद होतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एक इलेक्ट्रॉनिक स्विच वाहती वीज मध्येच तोडतो. उजेड तितकाच प्रखर राहतो, फक्त आखूड होतो. बहुतेक स्वस्त फ्लॅशचा लखलखाट पूर्ण ताकदीवर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागाइतका आणि १/१२८ ताकदीवर वीस हजाराव्या भागाइतका टिकतो. अक्षतेचा दाणा सेकंदाला ५ मीटर वेगाने चालला असं धरा. दोनशेव्या भागात तो २५ मिलिमीटर सरकेल, वीस हजाराव्या भागात पाव मिलिमीटर. अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकापासून असल्याच क्षणिक लखलखाटांनी गोळ्या आणि थेंब हवेत थांबवले. १९५७ सालचा त्यांचा दुधाच्या थेंबाचा मुकुट जगभर गाजला. तो खेळ आता स्वस्तातल्या फ्लॅशमध्येही येतो.

पोराकडे होता तसा मॅन्युअल, म्हणजे हाताने ताकद लावायचा, फ्लॅश स्वस्त का, तर त्याला स्वतःचं डोकं नसतं. टीटीएल फ्लॅश आधी एक छोटा लखलखाट टाकतो, परत आलेला उजेड कॅमेरा मोजतो आणि ताकद ठरवतो. मॅन्युअलमध्ये हा हिशेब आपण करायचा. हिशेब चौथीतल्या पोराला जमावा इतका सोपा आहे: गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीच्या आकड्याला, मीटरमधल्या अंतराने भागा, लेन्सच्या छिद्राचा एफ आकडा मिळतो. गाइड नंबर ३२ आणि माणूस ४ मीटरवर असेल, तर एफ ८. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून चौथाईच उरतो.

आमच्या गड्याने 'फोटो स्वच्छ यावा' म्हणून आयएसओ १००, एफ ८ आणि फ्लॅशची पूर्ण ताकद ठेवली होती. आयएसओ ४०० केला तर चौपट फायदा, एफ ४ केला तर आणखी चौपट. चार चोक सोळा. म्हणजे तेवढाच उजळ फोटो १/१६ ताकदीत निघतो. भर दिवसा उघड्या मंडपात मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे सूर्यच फ्लॅशवर मात करतो.

मॅन्युअल फ्लॅश घेताना काय पाहावं? ताकद १/१ पासून १/१२८ पर्यंत पायरीपायरीने उतरते का, डोकं वर आणि बाजूला वळतं का, आणि आत रेडिओ रिसीव्हर आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. गोडॉक्सचा टीटी ६०० किंवा योंगनुओचा ५६०-४ या जातीचे फ्लॅश या तिन्हींत बसतात. डब्यावरच्या गाइड नंबरला मात्र भुलू नये. टीटी ६०० चा ६० हा आकडा २०० मिलिमीटर झूमचा आहे. लग्नाचा घोळका टिपायला डोकं रुंद केलं की तो बराच उतरतो.

वळणारं डोकं छतासाठी. पण आपल्याकडच्या कार्यालयांचं टिनाचं छप्पर इतकं उंच की उजेड परत येतच नाही, आणि लाल-पिवळ्या मंडपावरून परतला तर नवरीच्या चेहऱ्यावर कावीळ चढते. त्यापेक्षा फ्लॅश स्टँडवर लावून पांढऱ्या छत्रीतून टाकावा. रेडिओ त्यासाठीच हवा.

वाचलेल्या पैशांतले थोडे रिचार्जेबल निकेल सेलवर घालावेत. ते १.२ व्होल्टचेच असले तरी वीज झपाट्याने सोडतात, त्यामुळे फ्लॅश लवकर भरतो. वैशाखातल्या वऱ्हाडी उन्हात पूर्ण ताकदीचे बार लागोपाठ काढू नयेत. नळी तापते आणि बरेच फ्लॅश स्वतःच काम थांबवतात. १/१६ चा इथेही फायदा.

स्टुडिओच्या खणात रोलच्या जमान्यातला फ्लॅश सापडला तर थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काहींच्या बुटावर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या पायावर, दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि कॅमेऱ्याचं नाजूक सर्किट जळू शकतं. आणि कोणताही फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटर जीवघेणा झटका देऊ शकतो.

टीटीएलला अर्थ नाही असं मुळीच नाही. वरातीत नाचणारी माणसं घडीत दोन हातांवर, घडीत दहा. तिथे दर वेळी भागाकार करत बसलं तर नवरदेव निघून जाईल. बोहल्यावर मात्र अंतर ठरलेलं असतं. एकदा ताकद लावली की पांढरं धोतर समोर येवो की काळा कोट, उजेड तसूभर हलत नाही.

हात धुऊन आम्ही कार्यालयामागे गेलो. पोराने आयएसओ ४००, एफ ४ आणि १/१६ लावलं. मी चार मीटरवर उभा राहून खिशात उरलेल्या अक्षता उधळल्या. त्याने पडद्यावर फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दाणा दाणा सुटा, टोकदार. एका दाण्याला कुंकू एकाच बाजूने लागलं होतं, तेही दिसत होतं.

"फ्लॅश तर तोच हाय," तो म्हणाला.