हृदयाच्या गोळ्या आणि रक्तातले पोटॅशियम

दुबळ्या झालेल्या हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या रुग्णाचे आयुष्य वाढवतात, पण त्याच वेळी मूत्रपिंडांना पुरेसे पोटॅशियम बाहेर टाकू देत नाहीत. म्हणून त्यांच्यासोबत रक्ततपासणी अपरिहार्य ठरते. शरीरातले सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, रक्तात ते लिटरमागे 3.5 ते 5 मिलीमोल इतकेच असते, आणि हा फरक टिकला तरच हृदयाचे ठोके नियमित पडतात. या गोळ्यांपैकी रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनमुळे अल्डोस्टेरोन, म्हणजे पोटॅशियम लघवीवाटे टाकायला लावणारे संप्रेरक, कमी स्रवते, तर स्पायरोनोलॅक्टोन त्याचे कार्यच अडवते. दोन्ही एकत्र चालू असून मूत्रपिंडे मधुमेहाने वा वयाने थकलेली असतील, तर पोटॅशियम साचत जाते.

स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यूचा धोका 30 टक्क्यांनी घटतो, हे 1663 रुग्णांवरील चाचणीतून 1999 मध्ये पुढे आले, आणि औषधाचा वापर झपाट्याने वाढला. मात्र कॅनडातील ओंटारिओ प्रांतात दुबळ्या हृदयासाठी रॅमिप्रिलसारख्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क रुग्णांपैकी पोटॅशियम वाढून रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण 1994 मध्ये हजारी 2.4 होते, ते 2001 मध्ये 11 झाले. चाचणीतले रुग्ण पारखून घेतलेले होते व त्यांचे रक्त वारंवार तपासले जात होते. बाहेर ती दक्षता राहिली नाही.

ही दक्षता आपल्याकडेही सुटू शकते. सुरतेत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि तिथल्या कोसाडसारख्या कष्टकरी वस्तीत रोजंदारी बुडवून तपासणीला जाणे जड जात असल्याने जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या जाणे समजण्यासारखे, तरीही फार धोक्याचे आहे. कंबरदुखीवर घेतलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मूत्रपिंडांचे काम मंदावते. उन्हाळ्यातल्या जुलाबांनी शरीर कोरडे पडले की तेच होते, आणि त्यावर शक्ती यावी म्हणून दिलेल्या शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. कमी सोडियमच्या अनेक मिठांतही पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांना फारसे कुणी सांगत नाही.

पोटॅशियम वाढले तरी बहुधा पाय गळून जाणे एवढेच लक्षण दिसते, कित्येकदा तेही नाही. हृदयालेखात (ईसीजी) मात्र टोकदार उंच लहरी उमटू शकतात, आणि पातळी 6.5 च्या पुढे गेल्यास ठोके मंदावून हृदय थांबण्याचा धोका असतो. अशा वेळी शिरेतून कॅल्शियम देऊन हृदय सावरले जाते, इन्सुलिन व ग्लुकोजने पोटॅशियम तात्पुरते पेशींत ढकलले जाते आणि गरज पडल्यास डायलिसिस केले जाते. भीतीने गोळ्या परस्पर बंद करणेही घातकच, कारण हृदय पुन्हा दगा देऊ शकते; औषध सुरू झाल्यावर साधारण आठवड्याने, महिन्याने आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी पोटॅशियम व मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासले, तर डॉक्टरांना मात्रा वेळीच कमी करता येते.