रक्सौलचा नाका, काठमांडूचा सिलिंडर

अंधेरी-बोरिवलीच्या सोसायट्यांत रात्रपाळी करणारे नेपाळी वॉचमन व्हिसाविना इथे नोकरी करू शकतात, ते 1950च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे. त्यांनी गावी पाठवलेल्या पैशातून घ्यायचं पेट्रोल, गॅस मात्र भारतातूनच जातं, आणि दबावाची किल्ली नेमकी तिथेच आहे. मार्च 1989मध्ये व्यापार व पारगमनाचे करार संपताच भारताने 15पैकी 13 पारगमन मार्ग बंद केले. नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतल्याची नाराजी त्यामागे होती. सप्टेंबर 2015मध्ये, भूकंपातून नेपाळ अजून सावरलाही नव्हता, तोच तिथल्या नव्या राज्यघटनेवरून वाद पेटला आणि सीमेवरच्या रक्सौलला ट्रकांच्या रांगा लागल्या. काठमांडूत गॅस सिलिंडर अर्धेच भरून विकायची वेळ आली.

नाकेबंदी आमची नाही, राज्यघटनेवर नाराज असलेले नेपाळच्या तराईतले मधेशी आंदोलक सीमेवरच्या पुलावर बसलेत, असं दिल्ली सांगत राहिली. ते बसले होते हे खरं, आणि त्यांच्या तक्रारीही खोट्या नव्हत्या. पण आंदोलनाची फारशी झळ नसलेल्या नाक्यांवरही टँकर रखडले, याचा उलगडा त्यातून होत नाही. मोठ्या देशाने आपलं वजन वापरलं तर बिघडलं काय, असंही कुणी म्हणेल. मग पदरात काय पडलं ते पाहावं: जानेवारी 2016ची घटनादुरुस्ती मधेशी पक्षांना अपुरीच वाटली आणि मार्चमध्ये नेपाळने चीनशी पारगमन करार केला. हिमालय ओलांडून येणारा माल महागात पडतो, म्हणून इंधन आजही मुख्यतः इंडियन ऑइलचंच जातं.