घराशेजारचे गॅरेज, काळ्या मातीवरचे

गाडी ठेवण्याची शेड आणि हौसेने गाडी खोलण्याचे गॅरेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेडमध्ये गाडी उभी राहिली की काम भागते. गॅरेजमध्ये मात्र तिच्या चारी बाजूंनी माणसाला फिरता यावे लागते, दारे पूर्ण उघडावी लागतात आणि बाहेर काढलेले इंजिन पार्ट मिळेपर्यंत महिना-दोन महिने कोरडे राहावे लागते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत अशा गॅरेजसाठी जागेची अडचण सहसा येत नाही. वस्तीवरच्या घरापुढे अंगण असते आणि ट्रॅक्टर-पिकअपच्या निमित्ताने पाने हाताळण्याची सवयही असते. अडचण येते ती जमिनीची, पाण्याची आणि वाऱ्याची.

माप गाडीवरून ठरते. मारुती ८०० साडेतीन मीटरच्या आत बसते. नवी तीन दारांची थार जेमतेम चार मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद, म्हणजे साधारण १३ फूट बाय ६ फूट. १६ बाय २४ फुटांच्या खोलीत ती मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट मोकळे राहतात आणि पुढे कामाचे टेबल, व्हाइस, हत्यारांचे कपाट यांना सात-आठ फूट मिळतात. यापेक्षा लहान खोलीत काम होते, पण प्रत्येक वेळी गाडी ढकलत बसावे लागते.

जागा निवडताना आधी कागद पाहावेत. शेतजमिनीवर शेतकऱ्याला शेतीसाठीचे बांधकाम करता येते आणि अवजारांची शेड त्यात बसते; गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन चालवलेला धंदा बसत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते. जुन्नर शहरात आणखी एक अडसर आहे. शिवनेरी आणि भोवतीची लेणी ही संरक्षित स्मारके आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत प्रश्न कागदापेक्षा उताराचा आहे. सपाट जागा मिळावी म्हणून टेकडीचा पायथा तासला की वरच्या मातीचा आधार जातो. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. त्या पट्ट्यात गॅरेजसाठी डोंगर कापण्यापेक्षा लहान गॅरेज बरे.

खरा पैसा जमिनीखाली घालावा लागतो. घोड, मीना आणि कुकडी यांच्या खोऱ्यांत काळ्या मातीचे पट्टे आहेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा केला तर तो दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो, आणि तडकलेल्या, उंचसखल झालेल्या जमिनीवर जॅक लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून काळी माती काढून मुरूम भरतात. १६ बाय २४ फुटांच्या क्षेत्रात तीन फूट माती काढायची तर साडेअकरा ब्रास खोदाई होते. मुरूम दबतो, म्हणून तो चौदा-पंधरा ब्रास तरी आणावा लागतो. तो एकदम ओतून वर रोलर फिरवण्यात अर्थ नाही. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि कुटाई, हाच क्रम. त्यावर दगडाचे सोलिंग, प्लास्टिकचा कागद आणि मग जाळी टाकून सहा इंच काँक्रीट. हे काँक्रीट जवळजवळ दोन ब्रास भरते. एक-दीड-तीन प्रमाणाने त्याला ४५ च्या आसपास गोण्या सिमेंट लागते. सात दिवस तरी पाणी मारावे. दहा दिवस मारले तर उत्तम. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी कटरने दहा-बारा फुटांवर खाचा पाडल्या की भेगा त्या खाचांतच राहतात. जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच हवे आणि फरशीला दाराकडे शंभरास एक असा हलका उतार. २४ फुटांत तो तीन इंचांहून कमी भरतो, त्यामुळे जॅकला त्याचा त्रास होत नाही.

जुन्या पद्धतीच्या गॅरेजमध्ये गाडीखाली उभे राहण्यासाठी खड्डा असे. अडीच फूट रुंद, पाच फूट खोल असा हा खड्डा स्वस्त पडतो आणि म्हणून मोह होतो. पण डिंभे, येडगाव, वडज यांच्या कालव्यांखालच्या बागायत भागात जमिनीतले पाणी वर असते. तिथे आवर्तन सुटले की खड्ड्यात पाझर येतो. त्याहून गंभीर बाब वाफेची. पेट्रोलची वाफ आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्याच्या तळाशी साचतात आणि एका ठिणगीने पेट घेतात. सीएनजी उलट हलका, तो छताखाली जमतो. त्यामुळे खड्डा टाळून चांगल्या जॅकस्टँडवर काम करणे, किंवा ऐपत असेल तर दोन खांबांची लिफ्ट बसवणे शहाणपणाचे. लिफ्टसाठी बारा फूट उंची धरावी आणि तिच्या खांबांखालचे काँक्रीट वेगळे, जाड ओतावे. ते मागाहून करता येत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही, क्षणभरही, शिरू नये.

छत बहुतेक जण पत्र्याचे करतात आणि ते योग्यही आहे. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून शटर शक्यतो पूर्वेला किंवा उत्तरेला घ्यावे. पण या भागाने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळही पाहिले आहे. त्यात घरांचे आणि पॉलिहाउसचे छत उडाले. वळवाचा वाराही तसाच झोंबतो. पत्र्यापेक्षा पत्रा कशाने बांधला आहे ते महत्त्वाचे: कडेच्या ओळींत बोल्ट दाट हवेत आणि लोखंडी कैच्या भिंतीतल्या काँक्रीटच्या पट्ट्यात जखडलेल्या हव्यात. दोन पारदर्शक पत्रे टाकले की दिवसा दिवा लागत नाही.

दाराबाबत एक स्थानिक पथ्य. उसात राहणारा बिबट्या इथे वस्तीपर्यंत येतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र जुन्नर तालुक्यातच आहे. अर्धवट उघड्या शेडमध्ये रात्री काम करू नये. शटर जमिनीला टेकणारे असावे आणि बाहेर उजेड असावा. फटी बुजल्या की उंदीरही येत नाहीत, आणि उभ्या गाडीच्या वायरिंगचे खरे शत्रू तेच.

शटर बंद असताना इंजिन मात्र चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. समोरासमोरच्या भिंतींत, एक खाली आणि एक छतालगत अशा जाळ्या ठेवल्या तर जड आणि हलका असे दोन्ही वायू बाहेर पडतात.

वीज घरच्या मीटरवरून, पण स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र अर्थिंगने घ्यावी. शेतीपंपाची जोडणी पंपापुरतीच असते. तिच्यावर वेल्डिंग करणे नियमबाह्य आणि वीज येण्याची वेळही आपल्या हातात नाही. दोन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर आणि छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन सिंगल फेजवर चालते, मात्र मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आवश्यकच.

खोडदच्या आसपास राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना दूरच्या आकाशातल्या अत्यंत क्षीण रेडिओ लहरी टिपतात, आणि ठिणगी म्हटली की रेडिओ गोंगाट आलाच, मग ती वेल्डिंगची असो वा जुन्या पेट्रोल इंजिनाची. घरच्या एका जीपने खगोलशास्त्र थांबत नाही, तरी रोधक असलेले स्पार्क प्लग बसवणे हा स्वस्त शेजारधर्म आहे.

शेवटी जळके ऑइल. ते धुळीवर शिंपडण्याची किंवा ओढ्यात सोडण्याची सवय जुनी आहे, पण तेच पुढे विहिरीत उतरते. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पोचेल अशा ठिकाणी द्यावे. फरशीवर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा टाकावा. तेलाने भिजलेल्या चिंध्या सहज पेट घेतात. त्या पत्र्याच्या झाकणबंद डब्यात, शक्यतो गॅरेजबाहेर ठेवाव्यात, आणि ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे कोपऱ्यात न टांगता बाहेर पडण्याच्या दाराशी टांगावे.