फर्निचरवाल्याची चौकट

जानेवारीत नंदुरबारच्या एखाद्या पथारीवर तासभर उभं राहिलं की ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि हिशेब चुकतो. तिन्हीला कारण मिरचीच. ओली लाल मिरची व्यापारी किलोवर घेतो, मैदानात पसरतो; तीच पथारी. ऊन खाऊन ती रोज हलकी होते. शेवटी पोत्यात भरताना काट्यावर जो आकडा येतो, त्याचा खरेदीच्या आकड्याशी मेळ घालायचा असतो. या फरकाला ‘घट’ म्हणतात. माझ्या एका मित्राच्या पथारीवर ही घट वर्षानुवर्षं लाल चोपडीत आणि बरीचशी त्याच्या डोक्यात होती. दोन हंगामांपूर्वी ती मी लॅपटॉपमध्ये घातली. ज्यात घातली त्या सॉफ्टवेअरचं नाव फ्रापे. ते मुंबईत तयार झालंय आणि फुकट आहे, हे सांगितल्यावर मित्राने पहिला प्रश्न विचारला: “फुकट आहे तर मग त्यांचं पोट कसं भरतं?”

फ्रापेची गेल्या वीस वर्षांची गोष्ट या एका प्रश्नाभोवती फिरते.

ऋषभ मेहता हे इंडस्ट्रियल इंजिनियर. प्रोग्रामिंग स्वतःच शिकलेले. घरचा फर्निचरचा व्यवसाय होता. तिथे ईआरपी, म्हणजे खरेदी-विक्री, माल आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचा प्रयत्न झाला आणि फसला. तेव्हा त्यांनी स्वतःच एक लिहायला घेतलं. त्या ईआरपीच्या खाली जो सांगाडा उभा राहिला, तो फ्रापे. त्याची सुरुवात 2005 मधली, कंपनी 2008 मधली. पहिली काही वर्षं कंपनीचं नाव ‘वेब नोट्स’ होतं आणि सांगाड्याचं नावही त्यावरूनच पडलं होतं. वर जे ईआरपी उभं राहिलं, त्याचं नाव ईआरपीनेक्स्ट.

असल्या सांगाड्याला, म्हणजे वेब फ्रेमवर्कला, मराठीत काय म्हणावं यावर भाषातज्ज्ञांनी खुशाल भांडावं. मला ‘चौकट’ हा शब्द पुरतो, आणि फर्निचरच्या धंद्यातून निघालेल्या वस्तूला तो शोभतोही. दार सागाचं की प्लायचं, हे घरमालक ठरवतो. चौकट काटकोनात बसलेली असली म्हणजे झालं. लॉगिन, कोणी काय पाहायचं याची परवानगी, याद्या, छापील पावती या गोष्टी प्रत्येक सॉफ्टवेअरला लागतात. त्या दर वेळी नव्याने रंधायच्या नाहीत, एवढाच चौकटीचा अर्थ.

त्याच वर्षी, 2005 च्या जुलैत, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स नावाच्या गावातून जँगो नावाचं वेब फ्रेमवर्क बाहेर आलं. तेही असंच स्वतःच्या गरजेपोटी, एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालेलं. बातमीदारांना संध्याकाळच्या आत पान हवं असायचं, म्हणून प्रोग्रामरांनी आपल्यापुरतं हत्यार घडवलं आणि मग ते जगाला देऊन टाकलं. जँगो झपाट्याने पसरलं, आणि त्यात त्याच्या माहितीपुस्तिकेचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. वर्तमानपत्रात बसणाऱ्यांना समजेल असं लिहायची सवय असते. फ्रापेच्या नशिबी तसं आलं नाही. लोक ईआरपीनेक्स्टसाठी यायचे आणि त्याच्या सावलीत चौकट झाकून जायची. गिऱ्हाईक पैठणी बघतं, मागावर कोणाची नजर जात नाही.

मग फ्रापे वापरणाऱ्यांचा आणि घडवणाऱ्यांचा समाज वाढला कसा? माझं उत्तर जरा व्यवहारी आहे. जाहिरातीने वाढला नाही, परवान्याने वाढला. ईआरपीनेक्स्टला जीपीएल परवाना: बदल करून दुसऱ्याला दिलंत तर बदलही खुले ठेवा. खालच्या फ्रापेला मात्र एमआयटी परवाना: घ्या, त्यावर आपलं काही उभं करा, हवं तर विका, मूळ नाव-परवाना तेवढा राहू द्या. या दुसऱ्या परवान्यामुळे गावोगावच्या एक-दोन माणसांच्या कंपन्यांना पाय टेकायला जागा मिळाली. कोणी शाळेसाठी बांधलं, कोणी दवाखान्यासाठी. कोड फुकट, बसवून देण्याची आणि शिकवण्याची मजुरी मात्र रोख. ज्याचं घर त्यावर चालतं, तो चूक सापडली की दुरुस्त करून परत पाठवतो, कारण पुढच्या गिऱ्हाइकाकडे तीच चूक त्याला पुन्हा नको असते. मित्राला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, “म्हणजे बियाणं फुकट, नांगरट विकत.” हे मला सुचायला हवं होतं.

2014 मध्ये मुंबईत या मंडळींची परिषद भरली आणि पुढे ती दर वर्षाची झाली. नंतर ईआरपीनेक्स्टच्या नावाने एक प्रतिष्ठान निघालं, 2020 मध्ये त्याचं नाव ‘फॉस युनायटेड’ झालं. आपल्या एका सॉफ्टवेअरचं नाव पुसून सगळ्याच मुक्त सॉफ्टवेअरसाठी दार उघडायचं, हा या वीस वर्षांतला मला सगळ्यात आवडलेला निर्णय. झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या कैलाश नाध यांच्यासारखी माणसं त्यात आली. शहराशहरांत मेळावे सुरू झाले, कॉलेजांत क्लब निघाले, ‘इंडियाफॉस’ ही मोठी परिषद बंगळुरात भरू लागली.

या नकाशात नंदुरबार कुठे? आमच्या जिल्ह्याचं नाव संगणकाच्या इतिहासात आहे, पण वेगळ्या पानावर. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभलीत देशातली पहिली आधार कार्डं वाटली गेली. पंतप्रधान आले, सोनिया गांधी आल्या, नंदन नीलेकणी आले. आम्हाला क्रमांक मिळाले. क्रमांक देणारी यंत्रणा कशी बांधतात, हे शिकायला मात्र सुरतमार्गे रात्रभर गाडीत बसून मुंबईला जावं लागतं, अजूनही. मी दोनदा गेलो. पहिल्या मेळाव्यात कोपऱ्यात बसून चहा प्यालो आणि परत आलो. दुसऱ्यात पुण्याचा एक मुलगा शेजारी बसला होता, त्याचा नंबर घेतला. पहिल्या खेपेपेक्षा दुसरी कैक पटीने उपयोगी पडली.

कारण पथारीवर मी अडलो. फ्रापेत सगळं ‘डॉकटाइप’पासून सुरू होतं. कोणत्या नोंदीत कोणते रकाने, हे एकदा सांगितलं की तक्ता, भरायचा फॉर्म, यादी, परवानग्या सगळं आपोआप उभं राहतं. एका संध्याकाळी मी ‘ओली खरेदी’ बनवली: शेतकरी, गाव, वजन, भाव, हमाली, तोलाई. ‘सुकी भरती’ बनवली. घटीचा रकाना वजाबाकी करून स्वतःच भरायला लागला तेव्हा मित्राने खुर्ची पुढे ओढली. पण इथे प्रत्येक नोंदीला स्वतःचं, दुसऱ्या कोणाचं नसलेलं नाव लागतं, आणि मी शेतकऱ्याचं नावच ओळख म्हणून वापरलं होतं. अक्कलकुव्याकडच्या एकाच पाड्यावरून एकाच नावाचे तीन पाडवी आले आणि दुसऱ्याच्या नोंदीला लाल पट्टी आली: हे नाव आधीच आहे. मित्र म्हणाला, “यात चूक काय? एक नदीकाठचा, एक शाळेजवळचा, एक मास्तरचा भाऊ.” चोपडीत त्याने तसंच लिहिलेलं होतं.

पुण्याला फोन लावला. त्या मुलाने हसत सांगितलं, नाव आणि ओळख वेगळी कर, ओळखीला क्रमांकांची मालिका दे. दहा मिनिटांचं काम. मग थोडं थांबून त्याने विचारलं, “पण ते ‘मास्तरचा भाऊ’ कुठे घालणार?” त्यासाठी वेगळा रकाना केला. नाव ठेवलं ‘खूण’.

रकान्यांची नावं मी मराठीतच ठेवली होती, तोलाईला दुसरा शब्द शोधत बसलो नाही. हंगाम संपत आला तेव्हा मित्राच्या बायकोने पहिल्यांदा लॅपटॉप आपल्याकडे वळवला. देठ खुडायला येणाऱ्या बायकांचा हिशेब तिच्याकडे असतो. खालपर्यंत सगळं पाहून झाल्यावर तिने विचारलं, “भाऊ, यात उचल कुठंय?”

उचलीचा रकाना नव्हता. मी नवीन डॉकटाइप उघडला आणि तिला म्हटलं, “वहिनी, सांगा, काय काय लिहिता?”