लहान मुलाने काढलेल्या चेहऱ्यावरून त्याची बुद्धी कळते का?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात खडू द्या आणि 'माणूस काढ' म्हणून सांगा. बरेचदा पाटीवर आधी एक वाकडातिकडा गोल उमटतो. त्यात डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ आणि त्या गोलातूनच थेट खाली आलेले दोन पाय. मान नाही, पोट नाही, कधी कधी हातही नाहीत. बेडकाच्या पिल्लासारखा दिसणारा हा माणूस अनेक देशांतल्या मुलांच्या चित्रांत सापडतो.

घरची मंडळी हसतात आणि चित्र फ्रीजवर चिकटवतात. मानसशास्त्रज्ञ मात्र जवळजवळ शंभर वर्षांपासून अशा चित्रांना गुण देत आले आहेत. मुलाची बुद्धी त्यातून मोजता येईल, असे त्यांना वाटत होते. खरेच तसे होते का?

पोट गेले कुठे?

आपल्याला पोट असते हे त्या मुलाला पक्के माहीत असते. 'तुझे पोट दाखव' म्हटले की ते लगेच सदरा वर करते. म्हणजे अडचण माहितीची नाही, ती कागदावर उतरवण्याची आहे.

चेहरा ओळखण्याची ओढ तर जन्मापासूनच असते. नवजात बाळही इतर आकारांपेक्षा चेहऱ्यासारख्या आकाराकडे जास्त वळते. पण पाहणे वेगळे आणि काढणे वेगळे. चित्र काढताना मेंदूला एकाच वेळी बरीच कामे करावी लागतात. अवयव आठवायचे, त्यांचा क्रम लावायचा, कागदावर जागा राखायची, हातावर ताबा ठेवायचा आणि काय काढून झाले तेही लक्षात ठेवायचे. या धांदलीत सुरुवातीचे डोके आणि शेवटचे पाय लक्षात राहतात, मधले धड मात्र गळून पडते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

लक्ष, स्मरण आणि हाताचा ताबा वाढत जातो तशी चित्रे बदलतात. धड येते, मग हात, बोटे, मान, कपडे. तरीही मूल दिसते तसे काढत नाही. बाजूने काढलेल्या चेहऱ्यालाही ते दोन डोळे देते, कारण माणसाला दोन डोळे असतात हे त्याला ठाऊक असते. मुले आधी 'माहीत आहे ते' काढतात आणि नंतर 'दिसते ते', ही गोष्ट फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आन्री ल्युके यांनी १९२७ मध्ये मांडली.

माणसाच्या चित्राला ५१ गुण

त्याच्या एक वर्ष आधी, १९२६ मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 'ड्रॉ-अ-मॅन' ही चाचणी प्रसिद्ध केली. डोके आहे का, डोळे आहेत का, बोटे पाच आहेत का, हात योग्य ठिकाणी जोडलेले आहेत का, अशा ५१ मुद्द्यांवर प्रत्येकी एक गुण. चित्र सुंदर असण्याला गुण नव्हते. चाचणीला फक्त कागद-पेन्सिल लागायची आणि भाषेची फारशी गरज नव्हती, म्हणून ती जगभर पसरली. प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती तयार केली.

मग चित्राचा बुद्धीशी संबंध आहे का? आहे, पण थोडा. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या ७,७५२ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या मुलांनी चौथ्या वर्षी एका मुलाचे चित्र काढले होते. चित्राचे गुण आणि त्याच वयातली बुद्धिचाचणी यांचा संबंध ०.३३ निघाला. तीच मुले १४ वर्षांची झाल्यावर तो ०.२० भरला. या मापात शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत जुळणी. हजारो मुलांची सरासरी काढली तर एक कल दिसतो, पण समोर बसलेल्या एका मुलाचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

चित्रात शाळाही दिसते

खरी मेख पुढे आहे. पापुआ न्यू गिनीतल्या जिमी खोऱ्यात चित्र काढण्याची परंपरा नव्हती. तिथल्या १० ते १५ वर्षांच्या मुलांच्या चित्रांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत जाणाऱ्या मुलांनी आपल्या ओळखीची माणसे काढली. शाळा न पाहिलेल्या मुलांच्या चित्रांत तसा ठरलेला साचा नव्हता, काहींच्या कागदावर तर नुसत्या रेघोट्या होत्या. वयाने ती मोठी होती, घरातली आणि रानातली कामे करत होती. पण 'माणूस' कागदावर कसा काढतात, हे त्यांनी कुठे पाहिलेच नव्हते.

याचा आपल्या जवळचा पुरावा म्हणजे वारली चित्रे. दोन त्रिकोणांचे शरीर आणि वर एक छोटा गोल. चेहऱ्यावर सहसा डोळे, नाक, तोंड नसते. पद्मश्री मिळालेल्या जिव्या सोमा मशे यांचा माणूस गुडइनफबाईंच्या चाचणीला बसवला असता, तर डोळे-नाक-तोंडाचे सगळे गुण गेले असते.

गुडइनफ यांनाही हे उमगले. १९५० मध्ये डेल हॅरिस यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी मान्य केले, की संस्कृतीपासून पूर्णपणे मुक्त अशी चाचणी शोधणे हा भ्रम आहे. स्वतःच्या आधीच्या भाबड्या समजुतीबद्दल त्यांनी चक्क माफी मागितली.

अक्षरे शिकली की मेंदू बदलतो?

शाळेमुळे बदलतो तो फक्त हात की मेंदूही? चेहरे ओळखण्यात मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाचा मोठा वाटा असतो. लिहिलेला शब्द ओळखणारी जागा याच भागात, डाव्या बाजूला तयार होते. २०१० मध्ये स्तानिस्लास दहेन यांच्या गटाने ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. त्यांत निरक्षर, मोठेपणी वाचायला शिकलेले आणि लहानपणीच शाळेत गेलेले असे तिन्ही प्रकारचे लोक होते. वाचता येणाऱ्यांमध्ये डाव्या बाजूच्या त्या जागेचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद थोडा कमी दिसला. अक्षरे चेहऱ्यांची जागा बळकावतात की काय, अशी शंका त्यातून आली.

मग लखनौ परिसरातल्या खेड्यांमध्ये हिंदी, म्हणजे आपलीच देवनागरी, वाचणाऱ्या आणि न वाचणाऱ्या प्रौढांवर अभ्यास झाला. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या निष्कर्षांत असे नुकसान दिसले नाही. अक्षरांनी जुन्या यंत्रणेचा वापर केला, पण चेहऱ्यांना हुसकावले नाही.

हे दोन्ही अभ्यास चेहरे पाहण्याचे आहेत, काढण्याचे नाहीत. तरी त्यांतून एवढे कळते, की शिक्षण मेंदूवर आपली खूण सोडते. म्हणून चित्रात दिसणारी 'वाढ' किती वयाची आणि किती शाळेची, हे चित्र एकटे सांगू शकत नाही.

मग चित्राचे काय करायचे?

ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दरवर्षी महिनोन्‌महिने फडावर राहणारे सहा वर्षांचे मूल डोळ्यांसमोर आणा. त्याने खडू क्वचितच धरलेला असतो. शाळेत येताच त्याला माणूस काढायला सांगितला आणि धड नाही म्हणून 'मंद' ठरवले, तर आपण त्याची बुद्धी नाही, त्याला न मिळालेली संधी मोजली. आणि असा शिक्का एकदा बसला की सहज पुसला जात नाही.

म्हणून एका चित्रावर निकाल देऊ नका. मुलाची चित्रे तारीख घालून ठेवा आणि सहा महिन्यांनी शेजारी-शेजारी लावून पाहा. दुसऱ्या मुलाशी नाही, त्याच्याच जुन्या चित्राशी तुलना करा. बोलणे, ऐकणे, चालणे, खेळणे यांतही मागे पडल्यासारखे वाटत असेल किंवा येत असलेली गोष्ट जमेनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा आणि चित्रेही सोबत न्या.

आणि चित्र हातात आले की 'हे कोण?' एवढे नक्की विचारा. त्या गोलाची मूल जी गोष्ट सांगेल, ती ५१ मुद्द्यांच्या यादीत कुठेच सापडणार नाही.