ब्रेक फेल झाले, पण दोष कुणाचा?

टीव्हीवर बातमी झळकते, 'ट्रकचे ब्रेक फेल, अनेक गाड्यांना धडक.' ती बघून तुम्ही काय म्हणता? 'नक्की दारू प्यायला असेल,' की 'गाडीच बिघडली तर बिचारा काय करणार?' हातातला चहा संपायच्या आत आपला निकाल लागलेला असतो. खरं तर दोन्ही निकाल घाईचे आहेत.

पुण्यातला नवले पूल आठवून बघा. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एका ट्रकने उतारावर अनेक गाड्यांचं नुकसान केलं. आधी 'ब्रेक फेल' असंच सांगितलं गेलं. तपासात मात्र पोलिसांना दिसलं की ब्रेक ठीक होते. डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिनच बंद केलं होतं.

इंजिन बंद केल्याने काय होतं?

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद झालं की नवी हवा भरली जात नाही. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा कमी होते. शिवाय गाडी न्यूट्रलमध्ये असली की गिअरमधल्या इंजिनचा गाडीला जो अटकाव असतो, तोही संपतो. म्हणूनच घाटात जाणकार चालक खालच्या गिअरमध्ये उतरतात.

दुसरं कारण उष्णता. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम आणि लायनर तापतात, पकड सुटते आणि जळका वास येतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवावी लागते. त्यात जादा माल भरला असेल तर विचारायलाच नको. गंमत म्हणजे गाडी थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागू शकतात. म्हणून 'तपासणीत ब्रेक लागले, म्हणजे चालक खोटारडा' असंही लगेच म्हणता येत नाही. लायनर किती झिजले होते, ड्रमवर तापल्याच्या खुणा आहेत का, गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, वजन किती होतं, हे सगळं बघावं लागतं.

एकटा चालकच दोषी?

उतारावर न्यूट्रल टाकणं ही चालकाची चूक आहे, त्यात वाद नाही. पण झिजलेले लायनर बदलायला पैसे कुणी दिले नाहीत? क्षमतेपेक्षा जास्त माल कुणी भरायला लावला? 'सकाळपर्यंत पोहोचलाच पाहिजेस' असं फोनवर कोण दटावत होतं? डिझेल वाचवण्याची सवय कुणाच्या हिशेबातून आली?

कायदाही फक्त चालकाकडे बोट दाखवत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 190 सदोष गाडी चालवणाऱ्याला जसं लागू होतं, तसंच ती चालवायला लावणाऱ्यालाही. कसोटी साधी आहे. तो दोष माहीत होता का, किंवा सर्वसाधारण काळजी घेतली असती तर कळला असता का? जादा मालासाठी 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आहेत. वाहतूक कामगारांसाठी दिवसाला 8 तासांच्या कामाचा नियम तर 1961 च्या कायद्यातच आला. महामार्गावर तो किती पाळला जातो, हे कोणत्याही ढाब्यावर विचारा.

ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी दोष ठरेपर्यंत वाट बघायची का? नाही. कलम 164 नुसार कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई मागता येते.

तुम्ही काय कराल?

घाटात जळका वास आला किंवा ट्रकच्या चाकातून धूर दिसला तर त्याच्या पुढे राहू नका, त्याला वाट द्या. उतारावर ट्रकसमोर अचानक ब्रेक मारू नका. आपली कारही न्यूट्रलमध्ये सोडू नका.

अपघात झालाच तर आधी जखमींना मदत करा. जमावासोबत चालकाला मारायला धावू नका. मारहाणीच्या भीतीने तो पळाला तर खरं काय घडलं हे सांगणारा माणूसच निघून जातो. मग मालक म्हणतो, 'चूक ड्रायव्हरची,' आणि प्रकरण तिथेच मिटतं. पुढच्या आठवड्यात दुसरा चालक तशाच एखाद्या ट्रकमध्ये बसून तोच उतार उतरतो. त्याच रस्त्यावर तुमची मुलं शाळेच्या बसमध्ये असतात.